मोतीबिंदूनंतर पिस्तुलाची साईट पुसट दिसते? या चुका टाळा

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की पहिल्या आठवड्यात माणूस हरखून जातो. पांढरे खरेच पांढरे दिसते, एसटीची पाटी लांबूनच वाचता येते. मग महिना-दीड महिन्याने तो एअर पिस्तूल घेऊन १० मीटरवर उभा राहतो. टार्गेटचा काळा गोल लख्ख, पण पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा काळा उंचवटा, मात्र लोकरीच्या गोळ्यासारखी. इथून चुकांची मालिका सुरू होते. निवृत्त पोलीस, माजी सैनिक, जिल्हा परिषदेचे जुने गुरुजी, ज्यांनी ज्यांनी साठीनंतर जिनिंगच्या गोदामातल्या नेमबाजीच्या लेनवर हात बसवला आहे, ते सगळे याच क्रमाने त्याच चुका करतात.

आधी कारण समजून घ्या. डोळ्यातले मूळ भिंग तरुणपणी फुगते, आकसते, त्यामुळे जवळचे आणि लांबचे दोन्ही दिसते. ऑपरेशनमध्ये ते काढून बसवलेले साधे भिंग, म्हणजे मोनोफोकल, एकाच अंतरावर फोकस धरते. बहुतेक वेळा ते लांबच्यासाठी बसवलेले असते. पुढची साईट ना लांब, ना पुस्तकाइतकी जवळ. ती मधल्या पट्ट्यात असते आणि त्या पट्ट्याचा चष्मा तुम्ही मागितल्याशिवाय कोणी देत नाही. ‘सरावाने दिसायला लागेल’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. भिंगाला सराव नसतो.

वाचायचा चष्मा लावून नेम धरणे

ही सगळ्यात जुनी चूक. हिशोब साधा आहे. १०० ला अंतराच्या सेंटिमीटरने भागा, येईल तो त्या अंतराचा नंबर. ४० सेंमीवरच्या पुस्तकाला २.५०. एका हाताने धरलेल्या एअर पिस्तुलाची पुढची साईट डोळ्यापासून साधारण ९० ते १०० सेंमीवर येते, म्हणजे नंबर १.०० च्या आसपास. दोन्ही हातांनी धरलेल्या रिव्हॉल्व्हरची साईट ७० सेंमीच्या आसपास, म्हणजे १.५० च्या थोडे खाली. २.५० च्या चष्म्यातून यातले काहीच नीट दिसणार नाही.

वरुडकडच्या एका निवृत्त हवालदार काकाजींचे उदाहरण घ्या. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन शिबिरात झाले, छान झाले. आठवडी बाजारातून त्यांनी २.५० चा तयार चष्मा घेतला आणि रेंजवर आले. शॉट डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. त्यांनी मागच्या साईटचा स्क्रू फिरवला. मग उलटा फिरवला. छर्ऱ्यांचा डबा बदलला, ग्रिप कानशीने घासली, शेवटी पिस्तूल विकायला काढले. तोंडात एकच वाक्य: ‘धुऱ्यावरच्या बकऱ्या मोजून देतो, मंग हे हातभरावरची साईट मले काऊन दिसत नाही बाप्पा?’

शेवटी सुतळीने अंतर मोजले. पुढची साईट ९६ सेंमीवर निघाली. डोळ्याचा नंबर तपासला, तर ऑपरेशननंतर उजव्या डोळ्यात उणे ०.५० शिल्लक होता. म्हणजे चष्म्याचा अधिक २.५० आणि डोळ्याचा उणे ०.५० मिळून फोकस ३३ सेंमीवर पडत होता. तिथे साईट तर सोडाच, मनगटसुद्धा नव्हते. त्यांना लागणारी काच होती फक्त अधिक ०.५० ची. पिस्तूल विकायचे राहिले, पण स्क्रू इतका फिरवला होता की साईट नव्याने शून्यावर आणायला, म्हणजे छर्रा नेमाच्या जागी पडेल अशी जुळवायला, अख्खी सकाळ गेली.

या गोष्टीतला उणे ०.५० लक्षात ठेवा. भिंग बसवताना थोडा उणे नंबर मुद्दाम शिल्लक ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. ज्याच्या नेमाच्या डोळ्यात उणे १.०० शिल्लक आहे, त्याला एअर पिस्तुलाची पुढची साईट बिनचष्म्याने स्वच्छ दिसते. असा माणूस लांबचा चष्मा लावून नेम धरतो आणि स्वतःच काम बिघडवतो. आधी चष्मा काढून बघा. फुकटचा उपाय आहे, तरी दहातले नऊ जण करत नाहीत.

साईटचे अंतर न मोजता नंबर काढणे

चष्म्याच्या दुकानात जाऊन ‘काकाजी, जवळचा की दूरचा?’ या प्रश्नाला ‘मधला द्या’ म्हणाल तर कॉम्प्युटरचा चष्मा मिळेल. तो ६० सेंमीसाठी असतो. मोजून जा.

पिस्तूल रिकामे करा, चेंबरमध्ये केशरी सेफ्टी फ्लॅग घाला, दुसऱ्याला दाखवून खात्री करून घ्या. नेहमीच्या पवित्र्यात उभे राहून भिंतीकडे नेम धरा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून पुढच्या साईटपर्यंत सुतळी ताणायची आणि गाठ मारायची. हात दोनदा खाली आणून पुन्हा मोजा, पहिल्या वेळी लोक हात जास्त ताणतात.

दुकानात पिस्तूल नेऊ नका, हे सांगावे लागते हेच दुर्दैव. काळ्या कार्डपेपरची ४-५ मिमी रुंदीची पट्टी कापून मोजपट्टीच्या टोकाला चिकटवा आणि सुतळीच्या मापाने समोर धरायला सांगा. मागे सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता असतोच. ट्रायल फ्रेममध्ये आधी लांबचा पूर्ण नंबर बसवायला सांगा, मग त्यावर अधिक ०.५०, ०.७५, १.००, १.२५ अशा काचा एकेक करून घालून बघा. पट्टीची कड धारदार दिसते, तरी तक्ता अगदीच नाहीसा होत नाही, अशी सगळ्यात कमी नंबरची काच निवडायची. एअर पिस्तूलवाल्यांना बहुधा ०.७५ पाशी समाधान मिळते. हिशोबाने येणाऱ्या नंबरपेक्षा पाव ते अर्धा कमी घेतला की फोकस साईटच्या थोडा पुढे सरकतो, साईट पुरेशी स्वच्छ राहते आणि काळा गोलही हाताशी राहतो.

काच फक्त नेमाच्या डोळ्याची बदला. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हमधून बघाल तर हनुवटी वर करावी लागेल, मान आखडेल आणि वीस शॉटनंतर साईट चष्म्याच्या रेषेवर नाचायला लागेल. नेमबाजीसाठी वेगळी, एकाच नंबरची काच हवी.

गोल स्वच्छ दिसतोय म्हणून गोलाकडे बघणे

नवशिक्यांची ही खोड असतेच, पण मोतीबिंदूनंतर ती अनुभवी माणसालाही लागते, कारण गोल कधी नव्हे इतका सुंदर दिसतो. आकडे बघा. दोन्ही साईटमधले अंतर ३३० मिमी धरले आणि पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत १ मिमी सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३० मिमी सरकतो. टार्गेटच्या रिंगा ८ मिमीच्या अंतरावर आहेत. दहाचा थेट सात. उलट साईट एकमेकींत बरोबर असतील आणि अख्खा हात १ मिमी हलला, तर छर्राही जेमतेम १ मिमीच हलतो. म्हणून नजर पुढच्या साईटच्या वरच्या कडेवर. गोल पुसट असू द्या.

वयस्क डोळ्याला मागची खाच थोडी रुंद लागते. स्पर्धेच्या पिस्तुलांवर ती रुंदी स्क्रूने बदलता येते. साईटच्या दोन्ही बाजूंना उजेडाची ठळक पट्टी दिसेल इतकी उघडा. अरुंद खाचेत जास्त अचूकता असते असा समज आहे. तो तिशीतल्या डोळ्यांपुरता ठीक आहे.

घाईने नंबर काढणे

दहाव्या दिवशी चष्मा करून आणणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. फेकोत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायच्या पद्धतीत, चिरा तीन मिमीच्या आतला असतो, तरी नंबर स्थिर व्हायला साधारण महिना लागतो. शिबिरात अनेकदा बिनटाक्याची, पण मोठ्या चिऱ्याची शस्त्रक्रिया होते. तिथे सहा आठवडे धरा, कधी जास्तही. जखम भरते तसा बुबुळाचा बाक बदलतो आणि सिलिंडर नंबर, म्हणजे एकाच दिशेच्या कडा पुसट करणारा दोष, सरकत राहतो. तोवर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय रेंजवर जाऊच नका. छर्रे शिशाचे असतात. त्याच बोटांनी डोळ्यात थेंब घालणारे लोक आहेत. आधी साबणाने हात धुवा.

सिलिंडर ओळखायची खूण: काळ्या पट्टीच्या उभ्या कडा धारदार पण वरची आडवी कड पुसट, किंवा उलट. वरची कड पुसट असेल तर शॉट उभे पसरतात आणि माणूस श्वासाला दोष देतो. अशा वेळी अधिक नंबर वाढवून काही होत नाही, काचेत सिलिंडर आणि त्याचा अक्ष घालावा लागतो. शिवाय एका हाताने नेम धरताना मान वळलेली असते आणि साध्या फ्रेममध्ये नजर काचेच्या कडेच्या भागातून जाते, तिथे अक्ष बिघडतो. म्हणून नेमबाजीची गोल काचेची फ्रेम, जिची काच नजरेला काटकोनात फिरवता येते, ती पैसे खर्च करण्याजोगी वस्तू आहे. महागडी ग्रिप नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना न सांगणे

भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी मोजून आधीच ठरतो. त्यामुळे नेम कोणत्या डोळ्याने धरता आणि साईट किती सेंमीवर असते, हे भिंग ठरायच्या आधी एका चिठ्ठीवर लिहून द्या. ओपीडीत गर्दी असते, तोंडी सांगितलेले राहून जाते. नेमाचा डोळा उणे १.०० वर ठेवायचा का, हे मग विचारता येते. ठेवला तर रेंजवर चष्मा नको, पण मोटारसायकलवर लागेल.

मल्टिफोकल भिंग महाग आहे म्हणून साईट जास्त चांगली दिसेल, असे नाही. ते येणारा उजेड दोन-तीन अंतरांत वाटते. पेपर वाचायला सोय होते, पण काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा फिका पडतो आणि दिव्याभोवती वलये दिसू शकतात. गोदामातल्या कमी उजेडात हा फरक जाणवतो. नेमबाजीच महत्त्वाची असेल तर साधे भिंग आणि योग्य काच ही जोडी सरस, हे स्पष्ट मत आहे.

उजेडाचा हिशोब न ठेवणे

दुपारी उघड्यावर साईट छान दिसते आणि सकाळी टिनाच्या शेडमध्ये दिसत नाही, म्हणून पुन्हा नंबर काढायला पळू नका. उन्हात बाहुली आकसते आणि बारीक छिद्रातून बघितल्यासारखे जवळ-लांब दोन्ही सुधारते. अंधारात ती पसरते. टार्गेटवर आणि साईटवर वरून दिवा द्या, तो डोळ्यात येऊ देऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील त्या दिवशी घरीच बसा.

याच तत्त्वावर एक चाचणी आहे. काळ्या कार्डाला जाड सुईने दीड मिमीचे छिद्र पाडा आणि चष्म्याच्या काचेवर नेमाच्या जागी चिकटवा. साईट एकदम स्वच्छ झाली तर दोष नंबराचा आहे. तरीही धुरकटच राहिली तर चष्मेवाल्याकडे नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागची नैसर्गिक पिशवी गढूळ होते आणि लोक समजतात, मोतीबिंदू परत आला. याग लेझरने ती काही मिनिटांत मोकळी करतात. उघडझाप केल्यावर क्षणभर स्वच्छ दिसत असेल तर मात्र डोळा कोरडा आहे. एप्रिल-मेच्या वाऱ्यात हे नेहमीचेच.

बाकीच्या, थोडक्यात

दुसरा डोळा मिटू नका, नेमाचा डोळाही आक्रसतो. दुसऱ्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावा, स्पर्धेत ती ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही.

एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर नेमाचा डोळा कोणता, हे पुन्हा तपासा. मेंदू स्वच्छ डोळ्याकडे झुकतो.

काच पिस्तुलावर बसवू नका, स्पर्धेत बंदी आहे. रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट, तीही तिथे चालत नाही. घरच्या सरावाला ती सोयीची, कारण ठिपका लांबच्या फोकसवर दिसतो. सिलिंडर नंबर न सुधारता बघाल तर मात्र ठिपक्याची चांदणी दिसेल.

पुढच्या साईटला पांढरा ठिपका लावू नका. काळ्या गोलाखाली नेम धरायला साईट निव्वळ काळी लागते. घासून चमकायला लागली असेल तर कापूर जाळून पितळी चमच्यावर काजळी धरा आणि ती कापसाच्या काडीने साईटला फासा. हवेच्या सिलिंडरजवळ ज्योत नेणाऱ्याला रेंजबाहेर काढा.

काच पॉलिकार्बोनेटची मागा. छर्रा उलटून येतो आणि ऑपरेशनच्या डोळ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

नेम धरताना अचानक विजा चमकल्यासारखे दिसले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर पिस्तूल रिकामे करून ठेवा आणि त्याच दिवशी तालुक्याला किंवा जिल्ह्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हा आतल्या पडद्याचा प्रश्न असू शकतो आणि तो उद्याच्या बाजारापर्यंत थांबत नाही.