ट्रॉलरच्या विंचचा ब्रेक: तेल आणि लाइनची जोडणी

जाळ्याची वायर ड्रमवर गुंडाळणाऱ्या हायड्रॉलिक विंचचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि तेलाच्या दाबाने सुटतो. म्हणूनच इंजिन बंद पडलं तरी वायर जागेवर राहते. पण कंट्रोल व्हॉल्वचा लिव्हर मध्यावर (न्यूट्रलला) आणल्यावर ब्रेकमधला दाब टाकीत पूर्ण उतरला नाही, तर स्प्रिंगचा उपयोग शून्य.

त्यासाठी कंट्रोल व्हॉल्वमध्ये मोटर स्पूल (आतला सरकणारा दांडा) असा लावा, जो मध्यावर मोटरच्या ए आणि बी या दोन्ही लाइन टाकीला उघडतो. सिलिंडरसाठीचा, मध्यावर दोन्ही लाइन बंद करणारा स्पूल बसवला की दाब अडकतो, ब्रेक अर्धा सुटलेला राहतो आणि भरलेलं जाळं ड्रमला हळूहळू मागे ओढतं. काउंटरबॅलन्स व्हॉल्व (भाराने मोटर मोकाट फिरू न देणारा) थेट मोटरवर बोल्ट करा, मध्ये होज नको. ब्रेकला दाब देणारा शटल व्हॉल्व (दोन लाइनपैकी जास्त दाबाची निवडणारा) मात्र कंट्रोल व्हॉल्वच्या बाजूने जोडा. तो काउंटरबॅलन्स आणि मोटर यांच्यामधून घेतला, तर वजनाचाच दाब ब्रेक उघडा ठेवतो. ही चूक सगळ्यात घातक, आणि बाहेरून पाहून कळत नाही.

बरेच ब्रेक १५ ते ३० बारला सुटतात. तुमच्या ब्रेकचा आकडा प्लेटवर पाहा. सिस्टिमचा दाब ब्रेकच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मध्ये दाब कमी करणारा रिड्यूसिंग व्हॉल्व हवा. मोटरच्या आत झिरपणारं तेल नेणारी ड्रेन लाइन वेगळी, सरळ टाकीत. टाकीत परतणाऱ्या तेलाचा रिटर्न फिल्टर चोंदला की उलटा दाब वाढून ब्रेक नीट लागत नाही, म्हणून ब्रेक लाइनवर गेज ठेवाच.

कोकणच्या उकाड्यात उत्पादकाची हरकत नसेल तर व्हीजी ६८ (घट्टपणाचा दर्जा) अँटी-वेअर, म्हणजे झीज रोखणारं, हायड्रॉलिक तेल बरं. गाडीचं ब्रेक ऑइल कधीही ओतू नका. त्याने नायट्राइल रबराचे सील फुगतात. तेल दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलं. वरून नवं तेल घालून भागत नाही: सगळं काढा, टाकी धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा, ब्रीदर (टाकीत हवा येण्याजाण्याचा फिल्टर) आणि १० मायक्रॉनचा तेल फिल्टर बदला. पावसाळी बंदीत होडी वर ओढलेली असते, तेव्हाच हे उरका.

मग हवा काढा. ड्रमवर भार नको, इंजिन मंद ठेवा. ब्रेकचा ब्लीड निपल (हवा सोडण्याचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा सैल करून लिव्हर थोडा थोडा हलवा, बुडबुडे थांबले की निपल घट्ट करा. हवा राहिली तर ब्रेक उशिरा लागतो.

शेवटी वायर धक्क्यावरच्या बोलार्डला (दोर बांधायच्या खुंटाला) बांधा, ठरलेल्या भारापर्यंत ओढा, लिव्हर मध्यावर आणा. ड्रम आणि फ्रेमवर खडूची एक सरळ रेघ मारा. १० मिनिटांनी ती तुटलेली दिसली, तर त्या विंचवर जाळं सोडू नका. चाचणीभर वायरच्या रेषेत एकही खलाशी उभा नको.