पोफळीच्या मुळाशी मिळालेला सूत्रकृमी नवा आहे का?

गुहागरला आमच्या पोफळीच्या बागेत आळं खणताना काकांना मेलेली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, मिळाली. रंग वीटकरी लाल, अंग मऊ, पण घाण वास नाही. कीड मारणाऱ्या सूत्रकृमीची, म्हणजे धाग्यासारख्या बारीक कृमीची, ही खूण. अशी अळी दिसली की भोवतालच्या ओल्या मातीसकट उचला. ऊन लागू देऊ नका.

ती माती डब्यात भरून पाच-सहा मेणकिड्याच्या अळ्या सोडा. मधपेट्या ठेवणाऱ्यांच्या जुन्या पोळ्यांत त्या मिळतात. डबा उपडा करून सावलीत ठेवा, तिसऱ्या दिवसापासून मेलेल्या वेचा. अशा सूत्रकृमींचे दोन मुख्य गट: अळी लाल झाली तर बहुधा हेटरोऱ्हॅब्डायटिस, तपकिरी-करडी तर स्टाइनरनेमा. लाल अळी काळोखात मंद उजळते, तो उजेड सूत्रकृमीच्या पोटातल्या फोटोऱ्हॅब्डस जिवाणूचा. डोळे सरावेपर्यंत थांबा, मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हात थरथरले होते.

मग बशीत उपडी वाटी, तिच्यावर ओला गाळणकागद, त्यावर अळी आणि भोवती पाणी. दहा-पंधरा दिवसांत सूत्रकृमीची पिल्लं पाण्यात उतरतात. त्यांनी ताज्या अळ्या पुन्हा मारल्या पाहिजेत, कारण मढ्यावर जगणारे सूत्रकृमीही तिथे येतात.

मोजमापात मात्र घाई नको. माझ्या पहिल्या अळीत सूत्रकृमींची फार गर्दी झाली होती, सगळे आखूड भरले आणि दोन महिने मी त्यांना नवी जात समजले. लांबी यजमान आणि गर्दीप्रमाणे बदलते. म्हणून प्रत्येक अवस्थेचे किमान वीस नमुने मोजा. लांबी, रुंदी, शेपूट, डोक्यापासून उत्सर्जन छिद्राचं अंतर. नराचे स्पिक्यूल, म्हणजे समागमाचे काटे, सर्वांत बोलके. हेटरोऱ्हॅब्डायटिसची पहिली पिढी उभयलिंगी, नर दुसऱ्या पिढीत शोधा.

पुढे डीएनएचा आयटीएस भाग, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो तुकडा, जवळच्या जातींशी ताडून पाहा. आपल्याकडे पहिली तुलना हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिकाशी, तिचं वर्णन 1992 मध्ये कोइंबतूरच्या नमुन्यांवरून झालं. संकरही करून बघा, दुसऱ्या पिढीच्या माद्या कोवळ्या असतानाच वेगळ्या काढून. पिल्लं प्रजननक्षम झाली तर जात एकच.

सगळीकडे फरक टिकला तरच नाव द्या. एक नमुना प्रमाण म्हणून संग्रहालयात ठेवा, सापडल्याची जागा नेमकी लिहा, झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या नोंदवहीत नोंद करा.

आमचा इंडिकाच निघाला. तो मी ताज्या अळ्यांवर जगवून ठेवलाय. पाऊस ओसरला की वेळणेश्वरच्या पुळणीतली माती आणायची आहे.