घरी ऑक्सिजन कसा मोजावा

२०२० मध्ये आरोग्य केंद्रातून घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांना मी फोन करायची, तेव्हा आधी विचारायची: बोटं गार आहेत का? गार बोट किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र, चुकीचा आकडा दाखवू शकतो. पॉलिश पुसा, तळवे चोळा, पाच मिनिटं शांत बसा. मग मधलं बोट आत घालून हात छातीशी स्थिर धरा. आकडा आधी थोडा नाचतो. स्थिरावला की वेळेसह वहीत लिहा. ९४ टक्क्यांच्या खाली गेला तर दम लागत नसला तरी लगेच डॉक्टरांना कळवा. कोविडमध्ये ऑक्सिजन उतरलेला माणूसही कधीकधी निवांत गप्पा मारत असतो, म्हणून वहीचा मी एवढा आग्रह धरते. आकडा चांगला, पण ओठ निळसर किंवा बोलताना धाप? मग आकड्यावर विसंबू नका, रुग्णालय गाठा.