आधी तीन अक्ष, मग पाइप: जुन्या रेसिंग मोटरसायकलची चेसिस आणि तिचं स्टिअरिंग

माझी नोकरीतली सगळी वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये जिग-फिक्श्चर (काम करताना भाग जागेवर पक्के धरणारे साचे) बनवण्यात गेली. चेसिसचं वेड त्याच्याही आधीचं. मामा सत्तरच्या दशकात मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस बघायला जायचे. परत आले की नाना पेठेतल्या गॅरेजच्या पायरीवर बसून सांगायचे, "सरळ पट्टीवर सगळ्याच पळतात रे. वळणावर बघायचं कोणाचे हात ढिले आहेत. ज्याची चेसिस सरळ, त्याचे हात ढिले."

आता दर महिन्याला कोणीतरी पोरगा येझदीचं इंजिन पोत्यात घालून येतो आणि विचारतो, "काका, याला रेसिंगची चेसिस बनवायचीय, पाइप कुठला घेऊ?" पाइपचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. चेसिस म्हणजे तीन अक्ष: हँडल ज्याभोवती फिरतं तो, मागचं चाक धरणारा चिमटा ज्याभोवती वरखाली हलतो तो, आणि मागचा एक्सल. हे तीन हवेत पक्के धरा. मग पाइपाचं काम एवढंच, की इंजिन मध्ये घेऊन हे तीन अक्ष हलू द्यायचे नाहीत.

कामाला हात लावण्याआधी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. त्यामुळे अशी गाडी ट्रॅकसाठी आणि प्रदर्शनासाठीच बनवायची. चालू कागदपत्रांची चांगली येझदी कापू नका. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी सकाळी लवकर गेलात तर सुटी इंजिनं, हब, फोर्क बघायला मिळतात. त्यातून सुरुवात करा.

आधी चाकं, टायर, फोर्क

कागदावर चेसिस काढायच्या आधी जी चाकं, जे टायर, जो फोर्क लावणार आहात तो सगळा संच जमवा आणि टायरमध्ये ट्रॅकवर ठेवणार तेवढी हवा भरा. मी सध्या येझदी रोडकिंगचं ६५ बाय ७५ बोअर-स्ट्रोकचं इंजिन, राजदूत ३५० चा फोर्क आणि दोन्हीकडे १८ इंची चाकं अशी गाडी करतोय. फोर्क घेताना पाइप काचेवर लोळवून बघा. मधे उजेडाची फट दिसली तर तो फोर्क परत द्या. वाकलेल्या फोर्कवर केलेली सगळी मापं वाया जातात.

आता रेक, ट्रेल आणि ऑफसेट. मॉलमधल्या ट्रॉलीची पुढची चाकं आठवा. चाकाची खुंटी पुढे आणि चाक तिच्या मागे, म्हणून ट्रॉली ढकलली की चाक आपोआप सरळ होतं. गाडीतही तेच. हँडलचा अक्ष खाली वाढवत नेला की तो टायर टेकतो त्या जागेच्या पुढे जमिनीला लागतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. हँडलचा अक्ष उभ्या रेषेपासून जितके अंश मागे झुकलेला, तो रेक. आणि फोर्क पकडणाऱ्या टीमध्ये हँडलच्या अक्षापासून फोर्कच्या पाइपांचं मध्य जितकं पुढे, तो ऑफसेट.

हिशोब असा: चाकाच्या त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा, जे उरेल त्याला रेकच्या कोसाइनने भागा. माझ्या गाडीत त्रिज्या ३०५ मिमी, ऑफसेट ५८ मिमी. रेक २८ अंश धरला तर ट्रेल येतो ९६.५ मिमी. २६ अंशाला ८४, आणि २४ अंशाला ७२. म्हणजे एका अंशामागे सहा मिमी. १८ इंची चाकांच्या जुन्या रेसिंग गाडीला मी २५ ते २७ अंश आणि ८० ते ९५ मिमी ट्रेल यातच राहतो. ७० च्या खाली गेलं की खड्ड्यावर हँडल हातात नाचतं. १०० च्या वर गाडी जड वाटते, डावीकडून उजवीकडे टाकताना रायडरचे खांदे भरून येतात.

इथे बहुतेकांची गल्लत होते. ऑफसेट वाढवला की ट्रेल कमी होतो. पुढे जास्त काढलेली टी लावली की गाडी सरळ धावेल अशी पोरांची समजूत असते, प्रत्यक्षात उलटं होतं. वरच्याच गाडीत २६ अंशालाच ऑफसेट ५८ चा ५० केला तर ट्रेल ८४ वरून ९३ होतो. म्हणून ट्रेल सुधारायचा तर चेसिस कापण्याआधी टी बदलण्याचा विचार करा. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून टी मिलिंग करून देणारे भोसरीत गल्लोगल्ली आहेत, आणि टी चुकली तर नवी बनते. हेडपाइप, म्हणजे चेसिसचा ज्यात हँडल फिरतं तो पुढचा पाइप, चुकला तर अख्खी चेसिस जाते.

माप रायडर बसवून

या सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. रेक आणि ट्रेल मोजायचे ते गाडी वजनाखाली बसलेली असताना. स्टँडवर लटकणाऱ्या गाडीचा रेक हा कुठल्याच वळणावर भेटत नाही.

मी असं करतो. जुन्या चेसिसवर किंवा लाकडी ढाच्यावर चाकं-फोर्क-शॉकअप लावून गाडी उभी करतो. ज्या माणसाने ती चालवायची आहे त्याला जॅकेट-हेल्मेटसकट बसवतो, पोट टाकीवर, हनुवटी खाली. दोघांनी दोन्ही बाजूंनी नुसता तोल धरायचा, वजन घ्यायचं नाही. फोर्क किती दबला ते मोजायला फोर्कच्या पाइपाला एक केबल टाय बांधतो. ११० मिमी चालीचा फोर्क असेल तर रायडरसकट ३० च्या आसपास दबलेला हवा. मग पुढच्या एक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजलं की खरी त्रिज्या मिळते. मागच्या शॉकअपची मध्यापासून मध्यापर्यंतची लांबीही याच वेळी लिहून ठेवतो.

वजनाची वाटणीही याच वेळी बघा. भंगारवाल्यांकडे असतात तसे दोन प्लॅटफॉर्म काटे मी घेऊन ठेवलेत, एक पुढच्या चाकाखाली, एक मागच्या. दोन्ही एका पातळीत हवेत, नाहीतर आकडा खोटा येतो. रायडर वाकून बसल्यावर पुढे निम्म्याच्या जवळ वजन आलं पाहिजे. पुढे कमी असेल तर इंजिन पुढे सरकवा. इंजिन जागेवर ठेवून हँडल आणि सीट इकडेतिकडे केलं तर रायडर अवघडून बसतो आणि दहाव्या फेरीत चुकतो.

ही दबलेली स्थिती हीच जिगवर पक्की करायची.

जिग

माझा जिग म्हणजे दोन मीटर लांबीचा आय-बीम, वरचं तोंड प्लॅनोमिलरवर मिल करून घेतलेलं. मधोमध एक रेघ कोरलेली आहे, ती गाडीची मध्यरेषा. पुढे हेडपाइपचा खांब आहे, त्याचा कोन सरकत्या पट्टीने बदलतो आणि हेडपाइपच्या दोन्ही टोकांना लेथवर काढलेल्या शंकूंनी तो दाबून धरतो. मधे चिमट्याच्या शाफ्टसाठी दोन ठोकळे, मागे एक्सलसाठी दोन. इंजिनासाठी मी रिकामा क्रँककेस वापरतो. भरलेलं इंजिन जिगवर उचलून उचलून कंबर जाते.

सरळपणा तपासायला हेडपाइपमधून ६०० मिमी लांबीचा ग्राउंड बार आरपार घाला. बारच्या वरच्या आणि खालच्या टोकाचं मध्यरेषेपासूनचं अंतर हाइट गेजने बघा. दोन्हींतला फरक अर्ध्या मिमीच्या आत हवा. चिमट्याचा शाफ्ट आणि मागचा एक्सल समांतर आहेत का ते डाव्या-उजव्या बाजूचं अंतर मोजून, आणि मग कर्णही मोजून बघा. कर्ण मोजायचा कंटाळा करू नका.

चिमट्याचा अक्ष गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. तो लांब गेला की मागचं चाक वरखाली होताना चेन कधी ताणते, कधी लोंबते. चेन सर्वात ताणलेली असते ती स्प्रॉकेटचं मध्य, चिमट्याचा अक्ष आणि एक्सल एका रेषेत आल्यावर. शॉकअप काढून चिमटा त्या जागी उचलायचा आणि ढिलेपणा तिथे बघायचा.

आता पाइप

१९५० साली नॉर्टनच्या रेसिंग गाड्यांना बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची नवी चेसिस लागली आणि त्याच वर्षी जेफ ड्यूकने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी ही रेस जिंकली. हॅरोल्ड डॅनियल या रायडरने तिची तुलना पिसांच्या गादीशी केली आणि फेदरबेड हे नाव पडलं. तिचे फोटो नीट बघा. दोन बंद लूप आहेत, आणि हेडपाइपपाशी पाइप एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळे हेडपाइप वरून आणि खालून असा दोन्हीकडून धरला जातो. ब्रेक मारल्यावर सगळा जोर तिथेच येतो. माझ्या डबल क्रेडलमध्ये (इंजिन दोन लूपांत धरणाऱ्या चेसिसमध्ये) मी हीच कल्पना घेतो.

नॉर्टनची ती चेसिस रेनॉल्ड्स ५३१ या पाइपची, पितळी वेल्डिंग केलेली. आपल्याकडे मी मुख्य लूपला ४१३० क्रोमोलीचा (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा) सीमलेस पाइप वापरतो, २८.६ मिमी व्यासाचा, १.६ मिमी जाडीचा. पहिलीच चेसिस असेल तर चांगला सीडीडब्ल्यू (वेल्ड करून मग थंड ओढलेला पोलादी) पाइप घ्या. तो थोडा जड पडेल, पण वेल्डिंगमध्ये चुका सोसतो. भवानी पेठेतून फर्निचरचा पाइप आणून रेसिंगची चेसिस बनवू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

वाकवण्यासाठी वाळू भरणार असाल तर ती आधी तव्यावर कोरडी भाजून घ्या. ओल्या वाळूचा पाइप दोन्ही टोकं बंद करून तापवला तर वाफ कोंडते आणि फुटतो. जोडाच्या ठिकाणी पाइपाचं तोंड माशाच्या तोंडासारखं घासावं लागतं. अर्धगोल कानशीने घासत जा, मधूनमधून जोड लावून मागे टॉर्च धरा. उजेड दिसायचा थांबला की झालं. फट भरायला वेल्डिंग वापरलं की थंड होताना पाइप तिकडे ओढला जातो. बंद होणाऱ्या प्रत्येक पाइपाला आतल्या बाजूने तीन मिमीचं भोक ठेवा, नाहीतर शेवटच्या टाक्याला आतली गरम हवा वेल्ड फोडून बाहेर येते.

आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, एका जोडाला चार. मग समोरासमोर थोडं थोडं टिग वेल्डिंग, एका जागी सलग कधीच नाही. वेल्डिंगनंतर हेडपाइप थोडा लंबगोल होतोच. म्हणून कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) जागा आधी अर्धा मिमी कमी ठेवून शेवटी बोअर करून घ्याव्यात.

आणि पाणी मारायचं नाही. एका चेसिसचं वेल्डिंग मी बाहेर दिलं होतं. आणायला गेलो तेव्हा वेल्डरचा पोरगा प्रत्येक जोड झाला की ओलं फडकं फिरवत होता, चर्र आवाज येत होता. गेटच्या कामात ते चालून जातं. क्रोमोली मात्र अशी झटकन थंड केली की जोडाशेजारी काचेसारखी कडक होते. मी घाईत होतो, चेसिस तशीच घेतली. तीन महिन्यांनी हेडपाइपच्या खालच्या जोडापाशी रंगात केसासारखी रेघ दिसली. चीर शोधायचं डाय पेनिट्रंट मारलं, लाल रंग पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला, आणि मिनिटभरात त्या पांढऱ्यावर लाल धागा उमटत गेला, जोडाच्या कडेने अर्ध्या पाइपाला वळसा घालून. माझा भाचा त्या गाडीवरून आदल्या रविवारी उतरला होता. ती चेसिस मी त्याच दिवशी कापली. तेव्हापासून क्रोमोलीचं वेल्डिंग पंखा बंद, दार लोटलेलं, आणि जोड हात लावता येईपर्यंत कोणी जवळ जायचं नाही.

पहिल्या फेऱ्या

पहिल्यांदा बाहेर काढण्याआधी सुतळीने दोन्ही चाकं एका रेषेत आहेत ते बघा. कोनसेट असा आवळा की पुढचं चाक उचलल्यावर हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडेल, पण फोर्क पुढेमागे ओढला तर खट आवाज येणार नाही.

दोन आजार वेगळे ओळखा. मध्यम वेगात हात हलके केले की हँडल भरभर थरथरतं, तेव्हा कोनसेट, पुढचा टायर आणि चाकाचा बॅलन्स बघा. जास्त वेगात अख्खी गाडी कमरेतून संथ डोलते, तेव्हा दोष बहुधा मागे: चिमट्याचे बुश, स्पोक, शॉकअप, किंवा वजन फार मागे. थरथर थांबवायला स्टिअरिंग डँपर लावून मूळ दोष दाबू नका.

बारीक फेरफार शॉकअपने करा. १३३० मिमी व्हीलबेसच्या माझ्या गाडीत मागची बाजू २० मिमी उचलली की रेक जवळजवळ एक अंशाने आणि ट्रेल पाच मिमीने कमी होतो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

रंगाची घाई नको. पहिले तीन ट्रॅक-दिवस चेसिसवर नुसता पातळ फिकट प्रायमर ठेवा, जाड पावडर कोटिंगखाली चीर दिसत नाही. दर वेळी परत आल्यावर हेडपाइप, चिमट्याचे ठोकळे आणि इंजिनाचे माउंटिंग तिथला प्रायमर काढून डाय पेनिट्रंटने तपासा. तिन्ही वेळा पांढरं पांढरंच राहिलं, की मग पेंटरकडे न्या.