बाईकला गंज लागू नये म्हणून काय करायचं आणि लागलाच तर कसा काढायचा

बाईकवर गंज कुठं चढतो ते एकदा खाली बसून बघा, आपण रोज फडकं मारतो तिथं तो सहसा नसतोच, तो असतो मडगार्डच्या आतल्या बाजूला, साइड स्टँडच्या सांध्यात, सायलेन्सरच्या पोटाखाली, स्पोक रिममध्ये घुसतात तिथं, चेसिसच्या वेल्डिंगवर आणि बोल्टच्या खोलगट डोक्यात. म्हणजे जिथं पाणी आणि चिखल अडकून बसतो तिथं. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज सुरू, त्यात मीठ मिसळलं (समुद्राजवळची हवा असली की मीठ आलंच) तर फारच जोरात. म्हणून पॉलिश कुठलं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा, आधी आपल्या गाडीवर पाणी कुठं थांबतंय ते शोधा.

चिखल वाळून घट्ट होऊ देऊ नका, तो ओल धरून ठेवतो. इंजिन थंड झाल्यावर धुवा, गाडीचाच शाम्पू वापरा, भांड्यांचा साबण वॅक्सचा थर काढून टाकतो. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर सरळ मारू नका, आतलं ग्रीस निघून त्याच्या जागी पाणी जाऊन बसतं. आणि धुतल्यावर पुसणं जितकं महत्त्वाचं तितकं धुणंसुद्धा नाही, पुसून झालं की गाडी एक चक्कर मारून आणा म्हणजे सांध्यातलं पाणी निघून जातं. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर तर अजिबात टाकू नका, आत वाफ कोंडते आणि गाडी उघड्यावर राहिली असती त्यापेक्षा जास्त खराब होते. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या.

डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी हाकलायला छान, पण त्याचा थर पातळ असतो आणि लवकर उडून जातो, त्यामुळे तो मारला की वर्षभराची काळजी मिटली असं समजू नका. सांध्यांना ग्रीस, रंगाला आणि क्रोमला वॅक्स. कुठलाही स्प्रे मारताना ब्रेक डिस्क आणि टायर झाकून घ्या, डिस्कवर तेल गेलं तर ब्रेक लागणार नाही. डिस्कवर सकाळी दिसणारा हलका तांबूस थर दोन-चार वेळा ब्रेक दाबला की आपोआप जातो, त्याला काही लावायचं नाही.

आता लागलेला गंज. क्रोमवर नुसते तांबूस ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज निघून येतो. मग पुसून, सुकवून लगेच वॅक्स लावा, कारण क्रोमच्या थराला डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि पाणी तिथूनच खाली जातं. क्रोम फुगून पापुद्रे निघत असतील तर मात्र घासून उपयोग नाही, नवीन प्लेटिंगच करावं लागतं.

रंगाखाली गंज असेल तर फुगलेला रंग तारेच्या ब्रशनं काढा, ८० किंवा १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, रंगाच्या कडा ४०० नंबरनं उतरत्या करा, थिनरनं पुसा आणि त्याच दिवशी प्राइमर मारा. दमट हवेत उघडं लोखंड काही तासांत परत तांबूस होतं, उद्या मारू म्हणून ठेवलंत तर सगळी मेहनत वाया. जिथं पेपर पोचतच नाही तिथं सुटे पापुद्रे काढून रस्ट कन्व्हर्टर (गंजावरच लावायचं रसायन) लावा, राहिलेला गंज काळा पडून घट्ट होतो आणि त्यावर रंग धरतो. चेसिस किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, पत्रा आत दबला तर रंगाचा विषय संपला, ती गाडी चालवू नका, जाणकार वेल्डरला दाखवा.

पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणारे शॉकअप) चकचकीत पाईपवर माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं आणि तुमचंही असू द्या. तिथला टाचणीएवढा ठिपकासुद्धा प्रत्येक खड्ड्याला ऑइल सीलवरून (आतलं तेल अडवणारी रबरी रिंग) वर-खाली जातो आणि सील फाडतो, मग तेल ओघळत ब्रेककडे जातं. पाईपवरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर तेलाचा थेंब आणि २००० नंबरचा पेपर घेऊन गोलाईनं हळूच घासा, उभं घासू नका, उभ्या ओरखड्यातून तेल बाहेर यायला वाट मिळते. नख अडकलं आणि ती जागा सीलच्या फिरण्यात येत असेल तर पाईप परत हार्ड क्रोम करून घ्या नाहीतर बदला. फक्त सील बदलून काही होत नाही, नवीन सीलही तसंच फाटतं.

टाकी आतून गंजते ती रिकाम्या जागेतल्या ओलसर हवेमुळे, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते तळाला बसतं आणि गंजही तिथूनच सुरू होतो. काढायचा असेल तर पेट्रोल पूर्ण रिकामं करा, कॉक किंवा पंप आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) बाहेर काढा, भोकं बंद करून टाकी पांढऱ्या व्हिनेगरनं काठोकाठ भरा आणि एक दिवस ठेवा. व्हिनेगर ओतून टाकलं की पाण्यानं धुवा, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा म्हणजे राहिलेलं अ‍ॅसिड मरतं, परत धुवा आणि थंड हवेच्या ब्लोअरनं सुकवा. हीट गन नको, पेट्रोलची वाफ राहिली असेल तर भडका उडतो. सुकल्या सुकल्या आत थोडं इंजिन ऑइल फिरवा, नाहीतर बघता बघता केशरी थर येतो. परत पेट्रोल भरायच्या आधी ते ऑइल थोड्या पेट्रोलनं खळबळून काढून टाका. संडास साफ करायचं अ‍ॅसिड लोक वापरतात, ते गंजासोबत पत्राही खातं आणि त्याच्या वाफेनं आजूबाजूची हत्यारंसुद्धा गंजतात. टाकीत बारीक भोकं पडली असतील तर आतून लायनर (भोकं बुजवणारा लेप) लावणं किंवा टाकी बदलणं एवढेच मार्ग राहतात.

चेन रॉकेल आणि मऊ ब्रशनं साफ करा, ओ-रिंगच्या (कड्यांत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा) चेनला तारेचा ब्रश लावू नका, आणि ल्यूब गाडी फिरवून आल्यावर चेन कोमट असताना मारा म्हणजे तो आत मुरतो. कड्या अडकून वाकड्याच राहत असतील तर चेन आणि स्प्रॉकेट सोबत बदला.

सायलेन्सर बहुतेक वेळा आतून सडतो, पेट्रोल जळताना पाणी तयार होतं आणि गाडी रोज दोन मिनिटंच चालली तर ते उडून जाण्याइतका पाईप तापतच नाही. अधूनमधून लांब चालवा, आणि सायलेन्सरला खाली पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते तारेनं मोकळं ठेवा. रंगवायचा झाला तर उष्णता सहन करणाराच रंग घ्या, आणि तो पक्का व्हायला डब्यावर दिलंय तसं इंजिन चालू-बंद करत टप्प्याटप्प्यानं तापवा.