सेल पोटेन्शियल काढताना मी जिथे जिथे अडले

दहावीपर्यंत माझं शिक्षण नागपूरच्या महाल भागातल्या मराठी शाळेत झालं. बारावीच्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत, सेल पोटेन्शियल म्हणजे सेल किती व्होल्ट देतो ते काढताना, मी अडकले, तेव्हा सगळ्यांना वाटलं इंग्रजी जड जातंय. खरं तर मला एक मराठी शब्द नडला. ॲनोड म्हणजे धनाग्र, कॅथोड म्हणजे ऋणाग्र, हे डोक्यात पक्कं बसलेलं. विद्युत अपघटनात ते बरोबरच आहे, कारण तिथे बाहेरून बॅटरी जोडलेली असते. पण गॅल्व्हानिक सेल स्वतःच वीज तयार करतो आणि त्यात ॲनोड ऋण असतो. म्हणजे 'धनाग्र' ऋण! त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी धन-ऋण काही दिवस बाजूला ठेवावं. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणं) होतं तो ॲनोड, क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) होतं तो कॅथोड. हे दोन्हीकडे लागू पडतं.

आता हिशोब. जस्ताची पट्टी झिंक सल्फेटमध्ये, चांदीची तार सिल्व्हर नायट्रेटमध्ये. पुस्तकातल्या तक्त्यात जस्ताचं प्रमाण क्षपण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टमध्ये) उणे ०.७६ व्होल्ट, चांदीचं अधिक ०.८०. ज्याचं जास्त, त्याचं क्षपण होणार, म्हणून चांदी कॅथोड. कॅथोडच्या विभवातून ॲनोडचं वजा करायचं: ०.८० वजा (उणे ०.७६), म्हणजे १.५६ व्होल्ट.

माझं पहिलं उत्तर ०.०४ आलं होतं. जस्ताचं ऑक्सिडीकरण होतं म्हणून मी चिन्ह उलटवलं आणि वर सवयीने वजाबाकीही केली. शिकवणीतल्या सरांनी वहीत पाहिलं. "काय करून राहिली तू? चिन्ह एकदा बदललं ना, मग आता वजा काहून करतेस?" एक तर चिन्ह बदलून बेरीज करा, नाहीतर तक्त्यातले आकडे जसेच्या तसे ठेवून वजाबाकी करा. मी दुसरी पद्धत धरली आणि आजही मुलांना तीच शिकवते, कारण तिच्यात हात कमी ठिकाणी घसरतो.

पुढची चूक जास्त खोल होती. जस्त दोन इलेक्ट्रॉन देतं, चांदीचा आयन एकच घेतो, म्हणून समीकरण जुळवताना चांदीची अर्धअभिक्रिया (फक्त चांदीच्या बाजूची अभिक्रिया) दोनने गुणावी लागते. मी ०.८० पण दुप्पट केलं आणि २.३६ व्होल्ट काढले. 'पोटेन्शियल गुणायचं नाही' हा नियम पाठ करून मार्क मिळतात, पण कारण कळलं तेव्हाच माझी भीती गेली. व्होल्ट म्हणजे दर कूलंबमागे किती जूल. इतवारीत तूरडाळीचा किलोचा भाव एक किलो घेतली काय नि दोन किलो घेतली काय, तोच राहतो. वाढतं ते बिल. इथलं बिल म्हणजे गिब्ज ऊर्जेतला बदल, म्हणजे सेलकडून जास्तीत जास्त किती काम मिळेल त्याचा हिशोब: उणे २ (इलेक्ट्रॉन) गुणिले ९६५०० (एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार, कूलंबमध्ये) गुणिले १.५६, सुमारे उणे ३०१ किलोजूल. इलेक्ट्रॉनांची संख्या तिथे येते.

हे समजलं की लोखंडाचा तो प्रसिद्ध प्रश्नही सुटतो. फेरिक (लोखंडाचा तीन धन प्रभारांचा आयन) ते फेरस (दोन धन प्रभारांचा) ०.७७, फेरस ते लोखंड उणे ०.४४, मग फेरिक ते थेट लोखंड किती? बेरीज करून ०.३३ लिहिणारे खूप भेटतात. इथे दोन भाव मिसळायचे नाहीत, बिलं मिसळायची: एक इलेक्ट्रॉन गुणिले ०.७७, दोन इलेक्ट्रॉन गुणिले उणे ०.४४, बेरीज उणे ०.११, भागिले एकूण तीन. उत्तर सुमारे उणे ०.०४. पूर्ण सेलमध्ये दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन सारखे असतात म्हणून साधी वजाबाकी चालते. अर्धअभिक्रियांतून नवी अर्धअभिक्रिया काढताना ती चालत नाही.

द्रावणाच्या तीव्रतेप्रमाणे विभव किती बदलतं ते सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणातल्या ०.०५९२ बद्दल एकच सांगते. तो आकडा २५ अंश सेल्सिअसचा आहे. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांना, तो ०.०६३१ होतो आणि प्रमाण विभवही थोडं सरकतं. परीक्षेत तापमान वेगळं दिलं असेल तर डोळे मिटून ०.०५९२ टाकू नका.

बीएस्सीला हाच सेल मी हाताने बांधला, दोन्ही द्रावणं ०.१ मोलर. हिशोबाने १.५६ मधून सुमारे ०.०३ जाऊन १.५३ यायला हवे होते. दोन द्रावणं जोडणारा क्षाराचा पूल, म्हणजे सॉल्ट ब्रिज, मी नेहमीचाच, पोटॅशियम क्लोराइडचा घेतला आणि चांदीच्या बाजूला लगेच पांढरा साका धरला: सिल्व्हर क्लोराइड. रीडिंग स्थिरच होईना. चांदी असेल तिथे पोटॅशियम नायट्रेटचा ब्रिज घ्यावा लागतो. तो बदलला, जस्ताची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासली, आणि मीटरवर १.५० दिसलं. जर्नलमध्ये मी १.५० च लिहिलं.