लिस्ट मागायची, की अ‍ॅरेलिस्ट?

हिंजवडी फेज दोनमधून सहा-सातच्या सुमारास निघण्यात काही अर्थ नसतो. वाकडच्या पुलाशी जाऊन नुसतं उभं राहायचं. म्हणून मी आणि टीममधला नवा पोरगा गर्दी ओसरेपर्यंत त्याचा जावा कोड बघत बसतो. परवा जरा फुगूनच म्हणाला, "ताई, डावीकडे कायम लिस्ट लिहायची, अ‍ॅरेलिस्ट नाही, असं क्लासमध्ये घोकून घेतलंय. मी सगळीकडे तेच केलंय. तरी तुमच्या चार कमेंट?"

घोकंपट्टीच नडते. लिस्ट हा जावातला नुसता करार, क्रमानं ठेवलेल्या यादीचा; अ‍ॅरेलिस्ट आणि लिंक्डलिस्ट हे तो पाळणारे दोन प्रत्यक्ष प्रकार. टाइप लिहिण्याआधी बघायचं ते एवढंच, की आपण मागतोय की देतोय.

मागताना, म्हणजे मेथडला बाहेरून जे मिळतं त्या पॅरामीटरमध्ये, कमीत कमी मागा. त्याची मेथड बिलांची बेरीज करत होती. एकेक घटक घेत जाणारा फॉर-ईच लूप, बस. क्रमांक नको, क्रम नको, आणि मागितली होती लिस्ट. आता बिलं होती हॅशमॅपमध्ये (किल्लीवरून नोंद शोधायचा साठा), आणि मॅपची व्हॅल्यूज मेथड लिस्ट देत नाही, कलेक्शन देते (लिस्टपेक्षा ढोबळ टाइप, लिस्टही त्यातच येते). मग वापरणाऱ्यानं काय केलं? चाळीस हजार बिलं नव्या अ‍ॅरेलिस्टमध्ये ओतली, बेरीज केली आणि ती अ‍ॅरेलिस्ट टाकून दिली. पॅरामीटर 'कलेक्शन' केला, ती ओळच गेली.

दुसऱ्या मेथडमध्ये लिस्ट होती, पण लूप गेट-आय वापरून, म्हणजे दर वेळी क्रमांक देऊन घटक मागत. अ‍ॅरेलिस्टवर हे झटकन होतं. लिंक्डलिस्ट आली की प्रत्येक गेट जवळच्या टोकापासून एकेक कडी मोजत जातं. चाळीस हजार नोंदींना सरासरी दहा हजार पावलं, म्हणजे एका फेरीला चाळीस कोटी. तरी इथे अ‍ॅरेलिस्ट मागू नका. फॉर-ईच लिहा, तो इटरेटरनं, म्हणजे आहे तिथून पुढच्या घटकावर जात, सरकतो, कुठलीही लिस्ट चालते. क्रमांकानं उड्या मारणं खरंच गरजेचं असेल, तर आत शिरल्यावर स्वतःच अ‍ॅरेलिस्टमध्ये कॉपी करून घ्या.

देताना मात्र प्रकरण उलटतं, आणि इथे मी स्वतः आपटले आहे. आधीच्या नोकरीत एका मेथडच्या शेवटी कलेक्टर्सचं टू-लिस्ट होतं, म्हणजे स्ट्रीममधून (एकामागून एक येणाऱ्या घटकांतून) यादी गोळा करणारं. जावा १६ मध्ये स्ट्रीमलाच टू-लिस्ट आलं. छोटं दिसतं म्हणून मी ते बदललं. दोन्हीकडे परतीचा टाइप लिस्टच, कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. फरक असा, की जुनं प्रत्यक्षात अ‍ॅरेलिस्ट द्यायचं (तशी हमी नव्हती), नवं मात्र बदलता न येणारी लिस्ट देतं. तिकडे कुणीतरी त्याच यादीच्या शेवटी 'एकूण'ची ओळ अ‍ॅड करत होतं. शुक्रवारी रात्रीचा जॉब अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन देऊन आडवा झाला. शनिवार माझा गेला.

गोची अशी, की जावात 'फक्त वाचायची लिस्ट' असा वेगळा टाइपच नाही. लिस्टमध्ये अ‍ॅड दिसतं, ते चालेल याची खात्री नसते. म्हणून यादी गोठलेली असेल तर मी लिस्टच परत करते आणि मेथडवरच्या जावाडॉकमध्ये (कोडमधल्या माहितीच्या टिपेत) तसं सरळ लिहिते. पुढच्याला त्यात भर घालायचीच असेल, तर परतीचा टाइप बिनधास्त अ‍ॅरेलिस्ट लिहिते आणि कलेक्टर्सच्या टू-कलेक्शनला अ‍ॅरेलिस्टच बनवायला सांगते. क्लासवाल्यांना आवडणार नाही. शनिवार त्यांचा जात नाही.

मेथडच्या पोटातल्या व्हेरिएबलवरून भांडू नका. तिथे लिस्ट लिहा, अ‍ॅरेलिस्ट लिहा, जावा १० पासून व्हार आहे (टाइप कंपायलरच ओळखतो), ते लिहा. बाहेर कुणाला दिसत नाही. शेवटचा घटक सहज मिळावा एवढ्यासाठी लिंक्डलिस्ट धरून बसला असाल, तर जावा २१ पासून गेट-लास्ट लिस्टवरच आहे. रांग हवी असेल तर डेक (दोन्ही टोकांनी वापरता येणारी रांग) मागा, आत तिचा प्रत्यक्ष प्रकार अ‍ॅरेडेक ठेवा.

पोरानं पहिल्या दोन कमेंट मान्य केल्या. अ‍ॅरेलिस्ट परत करण्यावरून मात्र पुष्कळ हुज्जत घातली, आणि अजून त्याला ते पटलेलं नाही. चौथी साधी होती: यादी रिकामी असेल तर नल (म्हणजे 'काहीच नाही') देऊ नकोस, रिकामी लिस्ट दे. ती त्यानं मुकाट्यानं बदलली.